जळगावच्या ट्रॉल्या आणि सावद्याची बावीस इंची भिंत

आधीच सांगून टाकतो, जळगावच्या शोरूममधून आणलेल्या किचन ट्रॉल्यांचा माल चांगला आहे. रडायचं आहे ते मापाबद्दल.

मी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होतो. एकतीस वर्षं तेच काम. रिटायर झाल्यावर रेल्वेचं क्वार्टर सोडलं आणि सावद्याच्या आमच्या जुन्या घरात राहायला आलो. घर आजोबांनी बांधलेलं. पुढे ओसरी, मग मजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परसात चूल. भिंती बावीस इंच जाड. बाहेरून भाजकी वीट दिसते म्हणून लोकांना पक्कं घर वाटतं, पण आतला सगळा भरणा मातीचा. वर सागाचे सर म्हणजे तुळया, त्यावर फळ्या आणि मातीचं धाबं. धाबं गळायला लागलं तेव्हा वडिलांनी त्यावर पत्रे टाकले. भर मे महिन्यात भुसावळचं क्वार्टर तापलेल्या तव्यासारखं व्हायचं, पण सावद्याच्या त्या मजघरात दुपारी झोप लागते. त्यामुळे पाडून नवीन बांधायचा सल्ला ज्यानं ज्यानं दिला, त्याला चहा पाजून परत पाठवला.

प्रश्न फक्त स्वयंपाकघराचा होता. वडिलांनी १९९० च्या आसपास कडप्प्याचा ओटा घातला होता, तोही बुटका. त्याच्याखाली पडदा आणि पडद्यामागे डबे, सिलिंडर, झाडू आणि उंदीर. भिंतीला खालून अडीच फुटांपर्यंत लोणा लागलेला. हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला यायची. सौभाग्यवतींनी तीस वर्षं क्वार्टरच्या किचनमध्ये काढली होती. त्यांनी एकच अट घातली, "अहो, आता तरी मला सरळ उभं राहून पोळ्या करू द्या."

मुलगी पुण्याहून फोटो पाठवायची. पांढऱ्या ट्रॉल्या, पांढरी भिंत, मधे एक तुळशीची कुंडी. शेवटी आम्ही दोघं जळगावला गेलो आणि तिथल्या एका मोठ्या शोरूमला काम दिलं. नाव लिहीत नाही, हिशेब अजून मिटलेला नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर आमचं किचन काढून दाखवलं. त्यात आमची खिडकी डावीकडून उजवीकडे गेली होती, ती मी परत जागेवर आणायला लावली. कोटेशन दोन लाख पंच्याऐंशी हजारांचं. वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे तीन लाख छत्तीस हजार तीनशे. अर्धे आगाऊ. एकवीस दिवसांत काम पूर्ण.

माप घ्यायला एक पोरगा आला. हुशार, नम्र, खिशात लेझर मीटर. भिंतीच्या मध्यावर लाल ठिपका टाकला, आकडा मोबाईलमध्ये टिपला, दुसऱ्या भिंतीला तसंच. बारा मिनिटांत काम संपलं. मी विचारलं, "खाली-वर माप नाही घेत?" म्हणाला, "काका, लेझरमध्ये एक मिलीमीटरचा पण फरक येत नाही." खरंच येत नाही. फरक लेझरमध्ये नव्हता, आमच्या भिंतीत होता. तेव्हा मी गप्प बसलो, ही माझी चूक. शेडमध्ये असं कुणी माप घेतलं असतं तर मी त्याच्या हातातून टेप काढून घेतला असता.

तो गेल्यावर मी ओळंबा आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) काढला. नऊ फुटी भिंत खालून वर जाताना सव्वा इंच आत झुकलेली. मग कोपरा पाहिला. एका भिंतीवर तीन फूट, दुसऱ्या भिंतीवर चार फूट खूण केली आणि तिरकं माप घेतलं. कोपरा काटकोनात असेल तर ते बरोबर पाच फूट यायला हवं. आलं पाच फूट अर्धा इंच. अर्धा इंच म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण तोच कोन नऊ फूट पुढे नेला की जवळजवळ दोन इंचांची फट पडते. मी शोरूमला फोन केला. उत्तर मिळालं, "काका, फिलर पट्टी येते ना त्याला."

ट्रॉल्या यायला वेळ होता म्हणून मधल्या काळात भिंतीचं काम उरकलं. इथे मात्र मी नशीबवान. फैजपूरकडचे एक म्हातारे गवंडी मिळाले. त्यांनी भिंतीवर बोटाची गाठ आपटून पाहिली, सिमेंटचा गिलावा भदभद वाजला. म्हणाले, "हे सिमेंट काढा. भिंतीचा दम कोंडलाय." मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि तिला ती ओल हवेत सोडायची असते. वरून सिमेंटचं कवच चढवलं की ओल बाहेर पडत नाही, आणखी वर चढते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात, फुगतात आणि गिलावा ढकलून देतात. लोणा म्हणतात तो हाच. आपण मात्र दर दोन वर्षांनी त्यावर वॉटरप्रूफ रंग मारतो आणि मग रंगवाल्याला शिव्या देतो.

गवंड्यांनी चार फुटांपर्यंत सगळं सिमेंट खरवडून काढलं. मग मोरीमागची भिंत उकरली, तेव्हा खरा चोर सापडला. जुनी भाजक्या मातीची नळी सांध्यात फुटून वर्षानुवर्षं खरकटं पाणी भिंतीच्या पोटात सोडत होती. ती काढून नवा पाइप टाकला, दर फुटाला पाव इंच उतार ठेवून. भिंत महिनाभर उघडी ठेवली. एप्रिलचं ऊन आणि आमच्याकडचा वारा, दुसरं काही करावं लागलं नाही. मग चुन्याचा गिलावा. त्याच वेळी उधईसाठी, म्हणजे वाळवीसाठी, भिंतीच्या पायथ्याला भोकं पाडून औषध सोडलं, इमिडाक्लोप्रिड. इकडे कपाशीवाल्यांना ते नाव तोंडपाठ आहे.

महिनाभर धूळ आणि चुना. त्या काळात सगळा स्वयंपाक परसातल्या चुलीवर झाला. माय चौऱ्याऐंशी वर्षांची, ती मात्र खूश होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्यातच आली. तिनं चुलीवर खापर पालथं घातलं आणि पुरणाच्या पोळ्या केल्या, परातीएवढ्या. नवीन किचनच्या चर्चेत तिनं भाग घेतलाच नाही. फक्त एवढं म्हणाली, "चूल पाडशी तर पाहाय."

ट्रॉल्या आल्या त्या चाळिसाव्या दिवशी. गाडीतून उतरलेला माल पाहून मन भरलं, खोटं कशाला बोलू. कडा मशीनवर चिकटवलेल्या, एकही सांधा हाताला लागत नव्हता. ड्रॉवरच्या रेलवर हात ठेवून पूर्ण भार दिला, वाकली नाही. बिजागऱ्या हळू बंद होणाऱ्या, तीन दिशांनी स्क्रू फिरवून दार जुळवता येतं. हे काम गावचा सुतार हातानं इतकं सफाईदार करू शकत नाही, हे मान्य करायला हवं.

पण कोटेशनमध्ये लिहिलं होतं, "संपूर्ण काम बीडब्ल्यूपी ग्रेड प्लाय, आयएस ७१०". हा पाण्याचा प्लाय. बाजारात सर्रास विकला जाणारा कमर्शियल प्लाय आयएस ३०३ चा असतो, ओलाव्यात तो तग धरत नाही. सिंकखालच्या पेटीच्या बाजूच्या फळीवर ७१० चा शिक्का होता. मागच्या फळीवर शिक्काच नव्हता. नळासाठी भोक पाडताना दोन्हींचे तुकडे निघाले होते, ते मी उचलले आणि चुलीवर पातेल्यात पाणी ठेवून उकळत टाकले. आयएस ७१० मध्ये प्लाय बहात्तर तास उकळून बघतात. बहात्तर तासांचं सरपण कोण जाळणार, मी आठ तासांचं ठरवलं. माय बाहेर आली, पातेल्यात डोकावली. "काय रे भाऊ, हे काय शिजी राह्यलं?" म्हटलं, "प्लाय". तिनं माझ्याकडे असं पाहिलं की रिटायर झाल्यावर पोरगा कामातून गेला.

वीस मिनिटांत मागच्या फळीचा तुकडा दुप्पट फुगला. चमच्यानं दाबला तर चहात बुडवलेल्या टोस्टासारखा विरघळला. तो प्लाय नव्हताच, भुशाचा दाबलेला बोर्ड होता, वरून पांढरा कागद. बाजूच्या फळीचा तुकडा संध्याकाळी काढला, वाळवला, सुरीचं टोक घालून पदर सोडवायला गेलो. सुटले नाहीत. म्हणजे फसवणूक अर्धीच होती. शोरूमचं म्हणणं, मागची फळी सगळेच अशी देतात. देत असतील, पण मग "संपूर्ण" हा शब्द लिहू नये. भांडून सिंकखालची तेवढी फळी बदलून घेतली.

आता बसवायचा दिवस. खालच्या पेट्या लावल्या आणि कोपऱ्यापासून नवव्या फुटाला, मी सांगितलं होतं तिथेच, दोन इंचांची फट उघडी पडली. पालीचं कुटुंब राहील एवढी. बसवणारे दोघे पोरं वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे चार सेंटिमीटरची पट्टी आणि सिलिकॉनची नळी याशिवाय उपाय नव्हता.

खरी गंमत पुढे. वरच्या पेट्या भिंतीला टांगायच्या होत्या. एकानं ड्रिल लावलं. विटेत दोन इंच कर्रर्र आवाज आला, मग एकदम आवाजच गेला आणि ड्रिल दांडीपर्यंत आत शिरलं. त्यानं बाहेर ओढलं, तर भोकातून बारीक पांढरी माती गळायला लागली. गिरणीतून पीठ पडावं तशी, न थांबता. खाली ओट्यावर मूठभर ढीग झाला तरी गळतच होती. त्यानं त्यात प्लगचा गट्टू ठोकला, स्क्रू पिळला. स्क्रू गरगर फिरला. मी दोन बोटांनी धरून ओढला, गट्टूसकट हातात आला. पोरगा म्हणाला, "काका, केमिकल टाकतो ना, दगडासारखं बसतं." दगडात दगडासारखं बसतं. मातीत मातीसारखंच बसणार. मी हिशेब केला. रिकाम्या पेट्या साठेक किलो, वर स्टीलची भांडी, डबे, पितळी पातेली, म्हणजे दीडशे किलो सहज. आणि त्याच्याखाली बायको भाकरी थापत उभी राहणार. काम तिथेच थांबवलं.

शोरूमच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, भिंत खराब असेल तर ती कस्टमरची जबाबदारी. बरोबर आहे. पण मग माप घ्यायला आलेल्या माणसानं भिंतीवर एकदा तरी गाठ आपटायला नको होती का? त्या म्हाताऱ्या गवंड्याला एका टकटकीत कळलं होतं.

मग गल्लीतल्या सुतारांना बोलावलं. ते पावशेर शेंगा खात दोन तास नुसते भिंतीकडे बघत बसले. तिसऱ्या तासाला म्हणाले, "भिंतीला टांगूच नका. भिंतीपुढे उभं करा." माळ्यावर जुन्या गोठ्याचं सागवान पडलं होतं, पन्नास-साठ वर्षांचं, खिळा घुसत नाही असं. त्याचे चार उभे खांब काढले. प्रत्येक खांबाखाली शहाबादीचा तुकडा, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही आणि उधईला थेट शिडी मिळत नाही. वर प्रत्येक खांब सराला लोखंडी पट्टीनं बांधला. मधे दोन आडव्या पट्ट्या. ही चौकट त्यांनी भिंतीच्या नाही, माझ्या ओळंब्याच्या हिशेबानं उभी केली. भिंत झुकलेली ती मागे झुकलेलीच राहिली, पुढची चौकट सरळ काटकोनात. वरच्या पेट्या तिला टांगल्या. त्यावर मी स्वतः लोंबकळून पाहिलं, वजन एकोणऐंशी किलो. शेगडीमागच्या टाइल्ससुद्धा याच चौकटीवर सिमेंट बोर्ड ठोकून त्यावर लावल्या. मागे बोटभर पोकळी राहिली, तिथून भिंतीची ओल वाट काढते.

आणि ती दोन इंचांची फट? सुतारांनी केळीच्या पेटीचा पुठ्ठा घेतला. सावद्यात त्याला तोटा नाही. तो भिंतीला टेकवून, कातरून फर्मा बनवला आणि ग्रॅनाइटवाल्याला दिला. त्यानं काळा ग्रॅनाइट फर्म्याप्रमाणे तिरका कापला. पुढची कड सरळ, मागची भिंतीच्या चालीनं. फट वरून झाकली गेली, बाजूला सागाची पाचर. तीन लाख छत्तीस हजारांच्या कामातली सगळ्यात सुबक गोष्ट म्हणजे तो पुठ्ठा, आणि तो फुकट होता.

चिमणीबद्दल थोडक्यात. त्यांनी नळीचं भोक नेमकं सराखाली आखलं होतं, ते मी खोडलं. सहा इंची नळीला चार इंची तोंड लावून तीन वळणं देणार होते, तेही नको म्हटलं. एकच वळण, सहाची नळी सहाचीच. फोडणीचा ठसका आता मजघरात येत नाही. विजेचं काम मात्र मी कुणाला हात लावू दिलं नाही. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली नोकरी केलेल्या माणसाला घरच्या बोर्डाची भीती जास्त वाटते. मिक्सर-ओव्हनसाठी सोळा अँपियरचे प्लग, चार स्क्वेअर एमएमची स्वतंत्र तार, नवीन अर्थिंग आणि तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा खटका. जुन्या घरात ट्रॉल्यांच्या रंगावर महिना घालवणारे लोक यावर दहा मिनिटं घालवत नाहीत.

ओट्याच्या उंचीवर शोरूमवाल्यांशी वाद झाला, पण तो आम्ही जिंकलो. त्यांचा ठराविक ओटा चौतीस इंचांचा. सौ. पाच फूट. मी त्यांचा कोपर जमिनीपासून मोजला, साडेसदतीस भरला. कोपरापेक्षा पाच-सहा इंच खाली हात चालला तर भाकरीला जोर लागतो, म्हणून पेट्यांचे पाय आखूड करून बत्तीसवर आणलं. पहिली कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी थापल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी चहा न मागता आला.

सिंक ३०४ ग्रेडच्या स्टीलचं सांगून दिलं. बिलावर तसं लिहून घेतलं, कारण चुंबक लावून कळत नाही. लोक सांगतात चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४. खोटं आहे, हलक्या २०२ ग्रेडलासुद्धा तो चिकटत नाही, आणि गंजतं तेच आधी. आमच्या बोअरच्या पाण्यात काय टिकतं ते दोन वर्षांनी कळेल. नळाच्या तोंडाला पांढरी पुटं आत्ताच दिसायला लागली आहेत.

एक तक्रार अशी की तिला शोरूमकडे इलाज नाही. ही सगळी किचनं आठवड्याच्या सामानासाठी काढलेली असतात. आमच्याकडे गहू, ज्वारी, उडीद वर्षाचे भरतात. पत्र्याच्या कोठ्या कुठल्याच पेटीत बसत नाहीत, त्या मजघरातच राहिल्या. उन्हाळ्यातले बिबडे-पापडांचे डबे वरच्या पेटीत मावतात, पण सौ.ना काढायला स्टूल लागतं. सॉसच्या बाटल्यांसाठी एक उंच, अरुंद ट्रॉली दिली आहे, तिच्यात आमची एक तेलाची बाटली आणि एक लायटर प्रवास करतात. आणि बडगी. भरीत कुटायची आमची लाकडी बडगी हात-दीड हात लांब. ती सांगितल्यावर कॉम्प्युटरवाली मुलगी म्हणाली, "सर, ती शो पीस म्हणून ठेवू शकता." हिवाळ्यात दर आठवड्याला ती लागते, म्हटलं. वांगी तर आम्ही आजही परसात काटक्यांच्या जाळावरच भाजतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत करायचं तर ते हॉटेलात खावं.

हिशेब सांगतो. शोरूमचे तीन लाख छत्तीस हजार तीनशे, गवंडी-सुतार-ग्रॅनाइट-वीज मिळून एक लाख अठरा हजार. एकवीस दिवसांचं काम चौऱ्याण्णव दिवसांत झालं, त्यातला महिना भिंत वाळवायचा, तो मी त्यांच्या माथी मारत नाही. कोपऱ्यातली पेटी चुकीच्या मापामुळे पुन्हा करावी लागली, त्याचे साडेअकरा हजार त्यांनी मलाच लावले. तेवढे मी शेवटच्या हप्त्यातून कापून ठेवलेत. त्यांचा फोन येतो, मी म्हणतो, या आणि गुण्या लावून बघा. अजून कुणी आलेलं नाही.

नवीन फ्लॅट असेल तर या लोकांकडे खुशाल जा. माल, बिजागऱ्या, सफाई यांना दहापैकी आठ. बसवणाऱ्या पोरांना सात, मेहनती होते. मापाला दोन, तेही लेझर खरा होता म्हणून. घर मातीचं असेल तर आधी गवंडी, मग सुतार आणि सगळ्यात शेवटी जळगावची बस.

बडगीला शेवटी सुतारांनीच जागा केली. चौकटीच्या शेवटच्या खांबाला दोन सागाच्या खुंट्या ठोकल्या, त्यावर ती आडवी बसते. पैसे विचारले तर म्हणाले, भरीत कराल तेव्हा हाक मारा.